लाल दोऱ्याच्या पुढचं पान

देवळाचं नवं बांधकाम पुरं झालं, तेव्हा स्मरणिकेच्या मंडळींनी माझ्याकडे अर्ध्या पानाचा मजकूर मागितला. विषय होता आमच्या गावच्या पोथीवाचनाची परंपरा. माझे वडील पोथीचे वाचक होते आणि त्यांच्यामागे अकरा वर्षं मी होतो, त्यामुळे मागणं रास्तच होतं. मी लिहायला बसलो आणि दुसऱ्याच ओळीला हरीकाका आले. त्यांना बाजूला सारून लिहून पाहिलं, जमेना. ते आपले देवळाच्या खांबाला टेकून बसलेलेच दिसत राहिले, उजवा कान माझ्याकडे करून. मग ठरवलं, लिहायचं ते त्यांच्याबद्दलच. छापायचं की नाही ते मंडळींनी बघावं. हरीकाका गेल्या थंडीत गेले. त्यांना आता कशाचं बरंवाईट वाटायचं नाही. मला वाटेल, आणि वाटायला हवं.

हरीकाकांना वाचता येत नव्हतं. हे पहिल्यांदा सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

तारापूरच्या उत्तरेला किनाऱ्यावर आमचं गाव. तरुणपणी नांगराच्या दोरात हरीकाकांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली आणि त्यांचा समुद्र सुटला. तेव्हापासून ते गावाची जाळी दुरुस्त करत. पायाच्या अंगठ्यात जाळं अडकवायचं, उरलेल्या तीन बोटांनी ताणून धरायचं आणि उजव्या हातानं लाकडी सुई चालवायची. अंगावर बंडी, डोक्याला लाल रुमाल, आणि बोलणं असं की समोरच्याला आधी हसू यायचं आणि घरी गेल्यावर झोप यायची नाही. डाव्या कानानं त्यांना कमी ऐकू येई. कुणी महत्त्वाचं बोलायला लागलं की ते मान वळवून उजवा कान पुढे करत. ज्याच्याकडे तो कान वळला, त्याला आपोआप नीट बोलावं लागे.

आमच्या देवीचं माहात्म्य सांगणारी एक जुनी पोथी देवळात आहे. हातानं लिहिलेली, सुट्या पानांची, दोन लाकडी फळ्यांमध्ये ठेवून लाल फडक्यात बांधलेली. अक्षरं एकाला एक लागून, शब्दांमध्ये जागा सोडलेली नाही. शाळा शिकलेल्या माणसालाही सवयीशिवाय ती वाचता येत नाही, आणि वाचकाशिवाय दुसऱ्या कुणी तिला हात लावायचा नाही हा रिवाज. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की त्या दिवसापासून सात दिवस, दुपारी बारा वाजता वाचन सुरू होई. रोज एक अध्याय. भरती भरत आली की माणसं उठून होड्यांकडे जात, होड्या लोटायला बायापोरंही जात, कारण पाणी कुणासाठी थांबत नाही.

आता यात एक गंमत आहे. वाचन पौर्णिमेला बांधलेलं आणि भरतीही पौर्णिमेला बांधलेली. त्यामुळे चौथ्या दिवशी भरती दरवर्षी साधारण त्याच घटकेला यायची, आणि चौथा अध्याय पोथीत सगळ्यांत लांब. म्हणजे दरवर्षी चौथ्या दिवशी वाचन त्याच जागी तुटायचं. कुणा जुन्या वाचकानं तिथे पानाच्या कडेला एक लाल दोरा ओवून ठेवला होता. वडील मला सांगून गेले होते, "दोऱ्यापाशी लोक उठतात. उठू दे. पण तू उठायचं नाहीस. उरलेलं पान देवीला वाचून दाखवायचं आणि मगच पोथी बांधायची. अर्धी गोष्ट फडक्यात बांधून ठेवू नये."

तसं मी दरवर्षी रिकाम्या देवळात ते पान वाचत असे. खरं सांगायचं तर घाईघाईनं, भूक लागलेली असे. रिकामं म्हणालो, पण खांबापाशी एक माणूस असायचा. त्याला होडीवर जायचं नसे.

हरीकाकांचं एकच तत्त्व होतं. कुणी म्हणालं, "पोथीत लिहिलंय", की ते म्हणत, "कुठलं पान? काढ. आता त्याच्या आधीचं वाच. आता पुढचं वाच." आणि वर हातातलं जाळं उचलून दाखवत. "हे बघ, हे एक भोक हाय. भोक दाखवून तू मला जाळं विकतोस? भोकाला चारी बाजूंनी सूत असतं, ते दाव."

एकदा बोईसरहून एक बुवा गावात प्रवचनाला आले. आठ दिवसांची बोलणी झाली होती. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी सांगून टाकलं की मासे खाणारा थेट नरकात जातो, शास्त्रात तसं लिहिलंय. समोर सगळं गाव बसलेलं, मागे बोंबील वाळवायच्या वलांड्या उभ्या, वारा त्यांच्याकडून देवळाकडे वाहतोय. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. पार्वतीकाकू मोठ्यानं म्हणाल्या, "चला, म्हंजे वर गेल्यावर शेजार तरी बदलायचा नाय."

हशा ओसरला तसे हरीकाका उठले. "बुवा, ग्रंथ हाय ना जवळ? पान काढा."

"तुम्हाला वाचता येतं का?"

"मला नाय. तुमाला येतं ना? तेवढं पुरं."

बुवांनी पान काढून ते वाक्य वाचलं. खरंच होतं तिथे. लोकांचे चेहरे उतरले. काकांनी कान पुढे केला. "आता याच्या आधीचं." बुवा कुरकुरले, पण सगळं गाव बघत होतं. आधीचं वाचलं तर निघालं असं की चार महिन्यांचं एक व्रत घ्यावं, आणि ते घेऊन जो मध्येच मोडेल त्याची ही गत.

"मंग झालं तर," हरीकाका म्हणाले. "आमी व्रत घेतलंच नाय, मोडणार काय? बुवा, उद्या आमच्याकडं जेवायला. तुमाला डाळभात करू."

बुवा आठही दिवस राहिले आणि रोज बोलण्याआधी खांबाकडे एकदा बघून घेत.

हे झालं दुसऱ्याच्या बाबतीत. स्वतःच्या बाबतीत माणूस सूट घेतो, ती त्यांनी घेतली नाही. ताडी त्यांना प्रिय. गावात समज असा की देवीलाच ताडी आवडते, पोथीत तसं आहे. तेव्हा सणाला पहिला पेला देवीच्या नावानं आणि पुढचे आपल्या. एका वर्षी दुसऱ्या दिवसाच्या वाचनात ती ओवी आली आणि हरीकाका जाग्यावरून म्हणाले, "गणू, थांब. ही ताडी कोण देतंय तिला?" मी मागचं पान काढलं. देत होता दैत्य, तिला गुंगवून मारण्यासाठी. आणि पुढच्या पानावर देवी ती वाळूत ओतते. मग कुणीतरी म्हणालं, "हरीकाका, कशाला इचारलंत?"

"मला तरी काय ठाव," काका खिन्नपणे म्हणाले. ताडी त्यांनी सोडली नाही. देवीच्या नावानं पिणं मात्र सोडलं. म्हणत, "आता पितो ते माझ्या जबाबदारीवर."

मी बोईसरला कामाला होतो. जाळ्याचं सूत आणायला ते तिथे येत, कधी माझ्याबरोबर चहा घेत. एकदा तिथल्या हॉटेलात काम करणाऱ्या रामसजीवन नावाच्या माणसाला एक पोस्टकार्ड आलं होतं. देवाचा संदेश आहे, एकवीस जणांना अशीच कार्डं लिहा, नाहीतर घात होईल. बिचारा रडकुंडीला आलेला.

"किसने लिखा?" काकांनी त्यांच्या हिंदीत विचारलं.

"भगवान ने, चाचा."

"आगे-पीछे कुछ हाय?"

"कुछ नहीं, बस इतना ही।"

"तो भगवान को बोलो, पूरा लिखके भेजो. आधा चिट्ठी हम नाय लेता." आणि कार्डाची सुरळी करून त्यांनी कानातला मळ काढला. रामसजीवन इतका घाबरला की हसायलाच लागला.

हे सगळं मी गंमत म्हणून सांगत असे. माझ्यावर वेळ आली तेव्हा ती गंमत राहिली नाही.

माझी मोठी मुलगी मूळ नक्षत्रावर जन्मली. पालघरच्या दवाखान्यातून बायको माहेरी वाणगावला गेली आणि तिच्याकडच्या जोशांनी निरोप पाठवला की बापानं सत्तावीस दिवस मुलीचं तोंड बघायचं नाही. बघितलं तर बापाच्या जिवाला धोका. माझी आई सुन्न झाली. मी दोन दिवस कामावर गेलो, आलो, जेवलो नाही. मुलगी कुणासारखी आहे हेसुद्धा मला लोकांकडून कळत होतं. तिसऱ्या दिवशी हरीकाका घरी आले आणि म्हणाले, "चप्पल घाल."

आम्ही गाडीनं वाणगावला उतरलो. जोशी ओसरीवर सुपारी कातरत होते. काकांनी हात जोडले. "जोशीबुवा, ते तोंड न बघायचं कुठं लिवलंय ते आमाला वाचून दावा. आमी अडाणी माणसं." जोशांनी पुस्तक काढलं, वाचलं. "पुढचं," काका म्हणाले. जोशांनी काकांकडे पाहिलं, मग पुस्तकाकडे, आणि जरा हळू आवाजात वाचलं. दोष त्या नक्षत्राच्या कुठल्या चरणावर जन्म झाला त्यावर होता. पहिल्या चरणाचा बापाला. चौथ्याचा कुणालाच नाही, उलट शुभ. मुलीची वेळ काढली. चौथा चरण.

"घाईत निरोप गेला," जोशी म्हणाले. वाईट माणूस नव्हता. त्याच्या गुरूनं त्याला तेवढंच शिकवलं होतं.

त्या दुपारी मी माझ्या मुलीला पहिल्यांदा पाहिलं. हरीकाका दारातच थांबले, आत आले नाहीत. परत येताना गाडीत मी काहीतरी आभाराचं बोललो. ते म्हणाले, "एकच ओळ पुढं होती रे. एक ओळ."

हे मला विसरता आलं असतं तर बरं झालं असतं.

पुढल्या वर्षी चैत्रात हरीकाकांचा एकुलता मुलगा दामू काविळीनं गेला. मागे बायको यमुना, दोन लहान पोरं आणि एक होडी. होडी चांगली होती. दामूचे दोन खलाशी जुने, विश्वासाचे, यमुनेनं त्यांना विचारलं, ते म्हणाले, "वहिनी, तुमी होडी ठेवा, आमी मारू तुमचं जाळं." फक्त एकच गोष्ट हवी होती. नारळी पौर्णिमेला होडीच्या मालकिणीनं होडीला हळदकुंकू लावून देवीचा नारळ फोडायचा. त्याशिवाय आमच्याकडे कुणी होडीवर पाय ठेवत नाही.

आणि विधवेचा हात लागलेली होडी देवी परत आणत नाही, असं पोथीत होतं. गावातल्या प्रत्येकानं ते आपल्या कानांनी ऐकलं होतं. चौथ्या दिवशी, दोऱ्याच्या आधी.

हरीकाका संध्याकाळी वलांड्यांमागे मला भेटले. मुलगा गेल्यापासून त्यांची दाढी वाढलेली होती.

"गणू, ते कोण बोलतं रे? होडीला हात लावू नको, ते?"

"राजा," मी म्हणालो. "राजाचा हुकूम आहे."

"आन् पुढल्या पानावर?"

आम्हां दोघांनाच माहीत होतं. पुढल्या पानावर देवी म्हातारीच्या रूपात त्या विधवेच्याच होडीत येऊन बसते. वादळ होतं, राजाची गलबतं बुडतात, ती एक होडी परत येते. आणि किनाऱ्यावर उतरून देवी राजाला विचारते की हा नियम माझा आहे असं तुला कुणी सांगितलं.

"तूच वाचतोस, मीच ऐकतो," काका म्हणाले. "दुसरं कुणी ऐकलंच नाय कवा. सगळे होडीवर." त्यांनी पायानं वाळू सारली. "मागं वरल्या आळीतल्या सावित्रीचा नवरा गेला तवा तिची होडी अशीच बंद पाडली जमातीनं. मला ठाव होतं, मी गप बसलो. तवा माझ्या घरची नव्हती ना ती. त्याचं मी देवीला काय सांगू ते मला कळत नाय. पण तू वाच. माझं कोण ऐकणार, मी अडाणी. तू वाचलंस की झालं."

"वाचेन, काका," मी म्हणालो.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दुपारी जमात, म्हणजे गावची पंचायत, पोथी समोर ठेवून दामूच्या होडीचा निर्णय करायला देवळात बसायची होती. त्या सकाळी मोरूपाटलांनी मला बोलावलं. मोरूपाटील जमातीचे मुख्य आणि एमआयडीसीत मजूर पुरवण्याचं त्यांचं काम. बोईसरच्या एका कारखान्यात मला त्यांनीच चिकटवलं होतं, तीन वर्षं टेंपरवारी. ओसरीवर झोपाळ्यावर बसून त्यांनी मला चहा दिला.

"गणपत, पर्मनंटची यादी साहेबाकडं गेली. तुझं नाव हाय."

मी बशीत चहा ओतला.

"पोथी आज दोऱ्यापर्यंत वाच. दोऱ्यापर्यंतच वाचायची रीत हाय ना? माझ्या बापानं तेवढंच ऐकलं, मी तेवढंच ऐकलं. उगीच नवीन काय काढू नको. दामूची होडी उद्या बुडली तर दोन खलाशांच्या बायका माझ्या दारात येतील. तुझ्या नाय येणार."

मला त्यांना सैतान ठरवता येत नाही. ते खरंच घाबरलेले होते, पिढ्यान् पिढ्या अर्धीच गोष्ट ऐकत आलेल्या घरातला माणूस होता तो. मी मात्र पूर्ण वाचली होती.

दुपारी देऊळ भरलं. हरीकाका खांबापाशी, आज हातात जाळं नव्हतं. मी फडकं सोडलं, चौथा अध्याय काढला आणि वाचायला लागलो. राजाचा हुकूम आला. लोकांनी माना हलवल्या. लाल दोरा आला. त्या दिवशी भरती कुणाला बोलवत नव्हती. कुणी उठलं नाही. मी थांबलो.

"पुढं वाच, गणू," हरीकाका म्हणाले.

मोरूपाटलांनी माझ्याकडे पाहिलं. "पुढं काय हाय का, वाचक?"

पान माझ्या अंगठ्याखाली होतं. त्याची कड मला जाणवत होती. आणि मी म्हणालो, "इथं अध्याय संपतो. पुढं काय नाय."

हरीकाकांना ऐकू आलं नाही असं वाटलं असावं. त्यांनी मान वळवून कान पुढे केला. "काय म्हणलास?"

मी परत म्हणालो.

"संपत नाय," ते म्हणाले. मग उभे राहून त्यांनी पुढचं पान म्हणायला सुरुवात केली. अक्षर न येणारा माणूस, एकेक ओवी, जिथे मी दरवर्षी अडखळायचो तिथे अडखळत. म्हातारी होडीत बसते तिथपर्यंत ते आले आणि मागून कुणीतरी ओरडलं, "काका, तुमाला वाचता कवापासून यायला लागलं?" लोक हसले. दुसरा म्हणाला, "सुनेसाठी नवी पोथी रचली म्हाताऱ्यानं!"

मोरूपाटलांनी हात वर केला. "वाचक, हे म्हणतात ते पोथीत हाय का? हाय की नाय, एका शब्दात."

"नाय," मी म्हणालो.

हरीकाका माझ्याकडे बघत राहिले. रागानं नाही. जाळ्यात कुठे तुटलंय ते शोधताना ते जसे बघत, तसे. मग त्यांनी रुमाल झटकला आणि ते बाहेर पडले. मी पोथी बांधली. ते पान त्या दिवशी देवीलाही वाचून दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सगळ्या होड्या गेल्या, दामूची गेली नाही. खलाशी दुसरीकडे लागले. होडी दोन पावसाळे वाळूत पालथी पडून राहिली, मग तिच्या फळ्या लोकांनी चुलीला नेल्या. यमुना पोरांना आणि सासऱ्याला घेऊन बोईसरला गेली, एका कारखान्यात पॅकिंगला लागली. माझं नाव यादीत आलं.

त्यापुढेही काही वर्षं मी वाचक होतो. चौथ्या दिवशी लोक उठून गेले की खांबापाशी कुणी नसे. पहिल्या वर्षी मी ते पान काढलं आणि न वाचताच परत ठेवलं. पुढं मी दोऱ्यापाशीच पोथी बांधू लागलो. मग बोईसरला क्वार्टर मिळाली, वाचन चुलतभावाकडे गेलं. त्याला ते पान असल्याचं मी सांगितलं नाही. एकदा, मुलगी कॉलेजात गेली तेव्हा तिनं विचारलं, "बाबा, तुम्ही मला पहिल्यांदा बघितलं तेव्हा आजोबा कोण आले होते बरोबर?" मी म्हणालो, गावातले एक होते.

यमुनेची खोली बोईसरलगत सालवडला आहे हे मला ठाऊक होतं. कामावर जायचा माझा सरळ रस्ता त्या बाजूनं. मी इतकी वर्षं लांबच्या रस्त्यानं गेलो.

दोन वर्षांपूर्वी पोथीची पानं फार झिजली म्हणून चुलतभावानं ती पालघरला झेरॉक्सला नेली आणि मदतीला मला बोलावलं. मशीनमधून एकेक पान बाहेर येत होतं. ते पान आलं. मी त्याची एक जादा प्रत काढून घडी करून खिशात घातली आणि पुढच्या रविवारी सालवडला गेलो.

पत्र्याची खोली. यमुना दारात सुपात तांदूळ निवडत बसलेली, केस पांढरे झालेले. हरीकाका बाजल्यावर. मोतीबिंदूनं दिसणं गेलं होतं. मी म्हणालो, "काका, मी." त्यांनी लगेच मान वळवली.

"वाचक," ते म्हणाले. "बस."

मी सांगितलं की पान आणलंय. त्यांनी उजवा कान पुढे केला. मी वाचायला लागलो. शेजारी टीव्ही चालू होता, रस्त्यावरून टेम्पो जात होते. त्यांचा हात मांडीवर हलत होता, हातात नसलेल्या सुईनं विणत. देवी राजाला विचारते तिथवर मी आलो, पान संपलं. मी घडी घातली आणि वाट बघत राहिलो. खरं सांगतो, माफीची वाट बघत होतो.

"आता मागचं," हरीकाका म्हणाले.

"राजाचा हुकूम?"

"राजाचा नाय. तो पाठ हाय मला. तुझं मागचं. त्या दिवसाच्या आधीचं. तिला सांग."

मग मी यमुनेला सगळं सांगितलं. वलांड्यांमागे दिलेला शब्द, पाटलांचा झोपाळा, चहा, यादी, अंगठ्याखालचं पान. वाणगावचीही गोष्ट सांगितली. सांगायला लागल्यावर कळलं की ती वगळली तर बाकीच्याला अर्थ नाही. यमुनेचा हात सुपात थांबला होता.

"मी देवळाच्या मागं उभी होती, भाऊजी," ती म्हणाली. "नारळ घेऊन. तुमचं वाचणं ऐकू येत होतं. तुमी थांबलात ना, तवा मला वाटलं, पान उलटताय."

एवढंच बोलली आणि ती परत तांदूळ निवडू लागली.

मी उठलो, चप्पल घातली. हरीकाकांचा कान अजून माझ्याच दिशेला होता.

"आन् पुढं?" त्यांनी विचारलं.

"पुढं काय नाय, काका," मी म्हणालो, आणि उंबऱ्यात पाय ठेवता ठेवता माझ्या ध्यानात आलं, की देवळात म्हणालो होतो तेच वाक्य होतं ते.

रस्त्याला लागून मागे वळून पाहिलं, तर दार उघडंच होतं. हरीकाका बाजल्यावर तसेच बसले होते, मान वळवून, मी पुढचं वाचायला लागेन म्हणून थांबल्यासारखे.